गेनूच्या गळ्यात मोरीची घंटी

पोराच्या गळ्यात शेळीची घंटी बांधली, यात वाईट काहीच नव्हतं. मला आजही तसंच वाटतं. शेळी कोणती होती, एवढं फक्त विचारून घ्यायला हवं होतं.

(हे मी सांगतेय आणि आमचा थोरला शंकर लिहून घेतोय. तो म्हणतो, "आई, पहिल्यापासून सांग, लोकांना काय कळणार?" लिहिणारा तो असला तरी घाबरलेली मी होते. पण असू दे, पहिल्यापासून सांगते.)

शंकर तेव्हा तिसरीत होता आणि धाकटा गेनू बिगरीत. आम्ही भऱ्याला राहायचो. वर्षाच्या शेवटी परीक्षा घ्यायला पुण्याहून दिपोटीसाहेब घोड्यावर बसून यायचे. त्यांचा घोडा ओढ्यापलीकडे दिसला की पोरांचं सोडाच, मास्तरांच्याच धोतराला कापरं भरायचं! त्या वर्षी साहेबांनी शंकरला तेराचा पाढा विचारला आणि हा "तेरा सक अठ्ठ्याहत्तर"वर जाऊन जो अडकला, तो पुढे जाईचना. मी शाळेच्या खिडकीखाली शेणाची पाटी घेऊन उभी होते. (सहज! जाता जाता!) तिथेच डोळे मिटून वाघजाईला म्हटलं, "आई, येवढ्या बारीला पोराला पास कर. समद्यास्नी घिऊन टेकडीवर येते, तुज्या दारात नारळ फोडते."

शंकर पास झाला. गेनूही पास झाला. बिगरीत कुणालाच नापास करत नसत, पण हे त्याला कोण सांगणार? "म्या पास! म्या पास!" करत तो गावभर गूळ गोळा करून आला. घरात सण असल्यासारखा आनंद होता. आणि पोळ्यांसाठी डाळ निवडता निवडता मला एकदम आठवलं, टेकडीवर वाघरू आहे!

वाघरू म्हणजे बिबट्या. वर मुळशीकडे धरणाचं काम चाललं होतं. तिथले सुरुंग उडायला लागल्यापासून रानातली जनावरं इकडे खाली सरकली, असं जो तो म्हणायचा. आठ-पंधरा दिवसांपूर्वीच देवीच्या खिंडीत वाघरानं बिरा धनगराची एक शेळी नेली होती. मी हातातली डाळ खाली ठेवली.

"अवं," मी कारभाऱ्यांना म्हटलं, "नारळ हितंच, घरच्या देव्हाऱ्यात फोडला तर?"

"नवस टेकडीचा बोललीस आन् फोडनार घरात? देवी काय खुळी हाय व्हय?"

"पर वाघरू?"

"वाघरू मानसाला भितं," कारभारी मिशीवरून हात फिरवत म्हणाले. भीती कशी असते ते ह्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणजे, अंगणात बसलेले असताना नव्हतं.

मला खरा घोर होता तो गेनूचा. हे पोर डोळ्यांसमोरून नाहीसं व्हायचं. पौडाच्या बाजारात हरवलं, ते जिलब्यांच्या पाटाखाली सापडलं. नणंदेच्या लग्नात हरवलं, ते आचाऱ्याच्या रिकाम्या पातेल्यात झोपलेलं सापडलं. गावात ठीक होतं. पण वाघराच्या टेकडीवर करवंदाच्या जाळ्यांत हे हरवलं तर शोधायचं कसं? रात्रभर मला तेच दिसत होतं. पहाटे बिराची मेंढरं घंट्या वाजवत गेली आणि मला सुचलं. मी तशीच उठून त्याच्यामागे पळाले.

"बिरा, येक घंटी दे रं. गेनूच्या गळ्यात बांधते. कुटंबी जाऊ दे, वाजंल तर कळंल."

बिरा मला बहीण मानायचा. त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून एक पितळी घंटी काढली, पण हातात देईना.

"आक्का, हाय ही येक. पर ही घंटी..."

"जुनी असंना का!"

"जुनी न्हवं गं, आक्का, ती त्या..."

"परत देते की! खाऊन न्हाई टाकत!" असं म्हणून मी ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली. जुन्या लुगड्याच्या लाल काठात ओवली, गेनूच्या मुंडक्यातून गळ्यात घातली. पोर इतकं खूश झालं की दारातल्या दारातच उड्या मारायला लागलं. मीही खूश. उभ्या मावळात मुलं हरवू न देण्याची अशी युक्ती कुठल्या बाईला सुचली असेल, असं मला वाटून गेलं.

निघालो. पुढे काठी घेऊन कारभारी, मागे शंकर, मग खण् खण् करत गेनू, आणि शेवटी मी. डोक्यावर पोळ्यांची पाटी, हातात नारळ. उन्हाळा कडक होता, पण करवंदं पिकली होती. मी घटकाभर वाघराला विसरले, आता बोला!

अर्ध्या टेकडीवर एक आंबा आहे. तिथे पाटी उतरवली आणि दम खायला टेकलो, तोच मागून बेंऽऽ बेंऽऽ ऐकू आलं. वळून बघते तर बिराचा सगळा कळप चढावरून आमच्याकडे येतोय! मेंढ्या, करडं, बोकड, सगळेच. आले ते थेट गेनूभोवती गोळा झाले. एक बोकड माझ्या पोळ्यांच्या पाटीत तोंड घालायला लागला. कारभारी काठी फिरवतायत, शंकर हसतोय, गेनू मधोमध उभा राहून घंटी वाजवतोय आणि मी पाटीवर आडवी पडलेय!

मागून बिरा धापा टाकत आला. "आक्का, आगं काढ ती घंटी! फुडच्या शेळीची हाय ती. समदा कळप तिच्यामागं जातो!"

"मग आदी सांगायचं न्हाई?"

"सांगत व्हतो की! तू बोलू दिलंस?"

"बरं, कुटल्या शेळीची? तिलाच बांध परत."

बिरा हळूच म्हणाला, "मोरीची. वाघरानं न्हेली ती. खिंडीत निस्ती घंटी घावली."

म्हणजे ही घंटी वाजली की वाघराला शेळी मिळाली होती. आणि मी ती पोराच्या गळ्यात घालून, सकाळपासून वाजवत, त्याच्याच टेकडीवर चालले होते. पोराला राखण म्हणून मी जेवणाची घंटा बांधली होती!

"गेनू!" मी किंचाळले. "काढ ती! हिकडं ये!"

बिरानं शीळ घालून कळप ओढ्याकडे उतरवला. मेंढरं गेली, धूळ खाली बसली. गेनू नव्हता.

आणि वरून, करवंदाच्या जाळ्यांतून, खिंडीच्या बाजूनं आवाज आला. खण्. खण् खण्.

मी कारभाऱ्यांकडे पाहिलं. मिशी होती तिथेच होती, पण तिच्याखालचं तोंड पांढरं पडलं होतं. त्या तोंडाकडे बघून मला जे भय वाटलं, ते वाघराचंही वाटलं नव्हतं.

"आरडा!" ते म्हणाले. "मोट्यांदी आरडा! आवाज असला की ते जवळ येत न्हाई!"

"काय आरडू, बा?" शंकर रडवेला झाला.

"कायबी आरड! शाळंत काय शिकलास?"

आणि शंकरनं तेराचा पाढा सुरू केला. "तेरा एके तेराऽ! तेरा दुने सव्वीसऽ!" काट्यांतून, दगडांवरून, पडत-धडपडत आम्ही वर निघालो. कारभारी काठीनं दगड बडवत होते आणि पोराबरोबर ओरडत होते. त्यांना पाढे येत नव्हते, ते नुसतं "सऽवीस! सऽवीस!" करत होते. माझं तोंड नवसात गुंतलं होतं. "आई वाघजाई, पोर दे, पाच नारळ फोडते! खणानारळानं ओटी भरते! लुगडं नेसवते! चांदीचे डोळं घालते!"

"आगं, जरा दमानं!" कारभारी ओरडता ओरडता म्हणाले. "फेडायचं मला हाय!"

घंटी थांबायची, आम्ही जवळ गेलो की पुन्हा वर पळायची. "गेनू, थांब रं बाळा!" मी हाका मारत होते. पोर का थांबत नाही, ते मला कळेना. माझ्या मनात असलं वाईट आलं की ते मी शंकरला लिहू देणार नाही.

खिंडीत देवीचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे नुसता गोल दगड, पुढे पायरीचा दगड, भोवती जाळ्या. आम्ही तिथे पोचलो आणि घंटी बंद झाली. अगदी बंद. शंकर "तेरा सक अठ्ठ्याहत्तर"वर आला आणि पुन्हा तिथेच अडकला. पाखरूसुद्धा बोलेना.

मग डावीकडची जाळी हलली. पानांमागे पिवळट अंग दिसलं. त्यावर काळे ठिपके.

कारभाऱ्यांनी काठी उगारली, पण हात वरच राहिला. मी पुढे झाले. धीट होते म्हणून नाही हो! पाय लटपटत होते, ते पुढच्या बाजूला लटपटले, इतकंच. हातात नारळ होता. "सोड माज्या पोराला!" असं ओरडून मी तो सगळ्या ताकदीनं फेकला.

नारळ जाळीला लागलाच नाही. देवीच्या पायरीवर आपटला आणि बरोबर मधोमध फुटून दोन भकलं झाली. जाळीतून "बेंऽऽ" करत एक ठिपक्यांची पाट बाहेर आली, शेळीचं अर्धवट वाढलेलं पिल्लू. गळ्यात माझ्या लुगड्याचा लाल काठ. त्यात घंटी. फुटलेल्या नारळाचं पाणी ती चाटायला लागली.

शंकर हसायला लागला. कारभारीही "हात्तिच्या!" म्हणून हसले. मला मात्र तिथेच बसावं लागलं. घंटी सापडली होती. पोर नव्हतं! इतका वेळ निदान आवाज तरी होता, आता तोही नव्हता. आम्ही आलो त्या वाटेनं उलटे धावत सुटलो. कोण काय ओरडत होतं, कुणालाच ठाऊक नाही.

आंब्याखाली आलो. गेनू पाटीला टेकून बसला होता. तोंडाला तूप, पोटावर पुरण, आणि हातात देवीच्या नैवेद्याची शेवटची पोळी.

मी त्याला उचललं, छातीशी धरलं, मुके घेतले, मग एक धपाटा घातला आणि पुन्हा मुके घेतले. बिरा ओढ्याकडून वर आला होता, तोही डोळे पुसत होता.

"मुडद्या, घंटी का काढलीस रं?"

"त्या ठिपक्यांच्या पाटीला दिली," गेनू म्हणाला. "आंब्यामागं बसून बांधली, तर ती वर पळाली. मोरी तिची आय व्हती. ती आयला बोंबलत व्हती. मग तिच्या आयची घंटी तिला नको व्हय?"

बिरानं दुसरीकडे तोंड फिरवलं.

"आन् आमी वर पळालो, तवा हाक का न्हाई मारलीस?"

"मारल्या की! लई मारल्या! पर तुमी समदे पाढं म्हनत व्हता." त्यानं पोळीचा घास गिळला. "मास्तर म्हनत्यात, कुनी चुकलं तर हाय तितंच बसायचं. म्या बसलो. तुमीच चुकला, आये."

घरी येताना कारभाऱ्यांनी हिशेब लावून टाकला. नारळ देवीच्या पायरीवरच फुटला, नैवेद्य पास झालेल्या पोरानं खाल्ला, म्हणजे नवस फिटला. (लुगडं मी नंतर गुपचूप नेसवलं. चांदीच्या डोळ्यांचं नाव देवीनं अजून काढलेलं नाही, मीही काढत नाही.) घंटी त्या पाटीच्याच गळ्यात राहिली. पुढे तीच कळपाच्या पुढे चालायला लागली.

दुसऱ्या वर्षी शंकर चौथी पास झाला आणि आम्ही पुन्हा टेकडीवर निघालो. बिरा सकाळीच नवी घंटी घेऊन दारात आला. मी गेनूला पुढे ओढलं, तर कारभारी म्हणाले, "त्याला नगं. तो हाय तितं बसतो. जी पळत सुटती, तिला बांधा!" पोरं खिदळायला लागली. गेनूनं बिराच्या हातातून घंटी घेतली आणि खरंच माझ्या कमरेला बांधली, नीट गाठ मारून.

मी मुकाट्यानं बांधून घेतली. बिराला फक्त एवढंच विचारलं, "हिची शेळी जित्ती हाय न्हवं?"