वेगळ्या ताटलीतले सात मोदक

“तुम्ही राहू द्या आता. बाहेर बसा जरा निवांत.”

सुनीतावहिनी एवढंच म्हणाल्या. सिंगापुरात बिशानमधला त्यांचा फ्लॅट, २०१५चा गणपती. आम्ही चौघी मोदक वळत होतो. माझे सात झाले होते. वहिनींनी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला कौतुकानं विचारलं होतं, “तुमच्याकडे कुठली आरती म्हणतात गं?”

“नो आरती लाह! वुई डू बुद्धवंदना,” ती इथल्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

वहिनींचा हात थांबला. मग ते वाक्य. माझे सातही मोदक त्यांनी मोदकपात्रातून उचलले आणि वेगळ्या ताटलीत ठेवले. मी मुकाट हात धुतले, बाहेर जाऊन बसले. येताना एमआरटी मेट्रोत मुलीला दटावलं, “असं कुठे बोलायचं नाही.” याची मला आजही चीड येते. त्यांची येते त्याहून जास्त माझी.

वडिलांनी आडनाव बदलून गावाचं लावलं होतं. त्याच्या आड मी पुण्यात लपले, इथेही लपले.

ऑफिसात माझ्या शेजारी लुसिया बसायची, बोलिव्हियाची. त्याच आठवड्यात मॅनेजर तिला “आमची स्पॅनिश मुलगी” म्हणाला. “स्पॅनिश नाही, लॅटिना,” तिनं तिथल्या तिथे सुनावलं. जेवताना मी विचारलं, फरक काय?

“स्पेननं आमच्यावर राज्य केलं. त्यांचं नाव मी का लावू? लॅटिन अमेरिकेतले म्हणून लॅटिनो, बाई असेल तर लॅटिना. अमेरिकेत सरकारनं आमच्या लोकांना हिस्पॅनिक म्हटलं, म्हणजे पुन्हा स्पेनच. तेव्हा बऱ्याच जणांनी लॅटिनो हा शब्द धरला.” मग हसली. “तोही युरोपातूनच आलेला. माझी आजी आयमारा, तिथल्या मूळ लोकांपैकी, तिचा लॅटिनशी काय संबंध? म्हणून मी स्वतःला आयमाराही म्हणवते. पण काय म्हणवायचं ते मी ठरवते.”

आमच्याकडेही शब्द होता. आमच्याच लोकांनी उचललेला, छाती पुढे काढून म्हटलेला. मी तो इथे एकदाही उच्चारला नव्हता.

पुढच्या वर्षी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ओळखी चालल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, “या आपल्या पुण्याच्या.”

मी उठले. “मी दलित आहे. बौद्ध.”

वहिनी कुजबुजल्या, “अहो, इथे सिंगापुरात कशाला ते?”

“गेल्या वर्षी तुमच्या स्वयंपाकघरात होतं, म्हणून.” मी मोठ्यानं म्हणाले.

घरी जाताना मुलीला सांगितलं, मी चुकले होते. कुणी विचारलं तर सांग. नाही विचारलं तरी सांग. आणि कुणी ताटली वेगळी काढली, तर हात धुऊन बाहेर बसू नकोस. तिथेच उभी राहा आणि विचार, का?