बंद हॉलमधली वीजचोरी

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण शहाडजवळच्या एका सोसायटीतली वीजचोरी अजून मनातून जात नाही. आठवली की हसूच येतं.

मी तेव्हा कल्याणच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो, निवृत्ती तोंडावर आलेली. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच त्या सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. वीज वाचावी म्हणून इमारतीचं नूतनीकरण झालं होतं. गच्चीला उन्हाचा ताप रोखणारा पांढरा लेप, नवा पंप, हॉलला कमी वीज खाणारा एसी. बचत खरंच झाली का, हे तपासायला एक इंजिनिअर बाई नेमल्या होत्या. त्यांनी सोसायटीच्या सामाईक मीटरचं कामाआधीचं आणि नंतरचं रीडिंग ताडून पाहिलं, तर वापर उलट वाढलेला!

"वॉचमननेच वायर टाकलीय," सेक्रेटरी तावातावाने म्हणाले. "त्याला काढतोय आम्ही, खोलीही खाली करायला लावतोय."

वॉचमन खडवलीकडचा, बायकोमुलांसह जिन्याखालच्या खोलीत राहणारा. गुन्हा नोंदवण्याआधी मी खोली तपासली. एक पंखा, एक दिवा, जोडणी चोख. मग त्याला ठाण्यात चौकशीला बसवलं.

"वायरबियर काय नाय ओढली, साहेब."

"मग वीज जाते कुठे?"

नोकरी जाईल, पोरं रस्त्यावर येतील, सगळं सांगून पाहिलं. तरी गप्प. चोर बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा कोणाला तरी पाठीशी घालत होता.

खबर दिली गेटसमोरच्या इस्त्रीवाल्याने. "साहेब, दुपारी हॉलकडे जाऊन बघा. माझं नाव नको पण."

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बाईंना घेऊन साध्या कपड्यांत गेलो. हॉल दिवसा बंद ठेवायचा, असा कमिटीचा नियम. कुलूप मात्र कडीला नुसतं लटकवलेलं. दार लोटलं आणि गार झुळूक आली. अख्ख्या इमारतीचे आजी-आजोबा आत! कोणी पत्ते कुटतंय, कोणी लसूण सोलतंय, एक आजोबा तर चक्क घोरत होते.

"अगं बाई, पोलीस!" वॉचमनच्या खोलीच्या झडतीवेळी मला पाहिलेल्या म्होरक्या आजी उठल्या. "अटक करा, पण आधी ताक घ्या. त्या वॉचमनला काय करू नका हां. चावी मीच मागितली, शपथ घालून. मुलांना कळलं तर ओरडतील म्हणून."

या आजी सेक्रेटरींच्या मातोश्री निघाल्या.

"दुपारी घरी एसी-पंखे लावता का?" बाईंनी विचारलं.

"घरी असतं कोण लावायला?"

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी घरोघरची बिलं मागवली, तर बहुतेक घरांचा वापर उतरलेला. हॉल आणि घरं मिळून पाहिलं तेव्हा बचत छान झालेली दिसली. नुसत्या सामाईक मीटरवर ती दिसणारच नव्हती.

मी फोन केला तसे सेक्रेटरी धावत आले. "आई, तुझ्या खोलीत नवा एसी लावलाय ना?"

"लावलास रे बाळा. पण त्याच्याशी बोलू काय?"

सेक्रेटरींनी तक्रार तिथेच मागे घेतली, वॉचमनचे हात धरून माफी मागितली आणि हॉल रोज दुपारी उघडायला सांगितलं.

गेलेली वस्तू शोधताना आधी ती कोणाला हवी होती ते पाहावं, हे मी त्या दुपारी शिकलो. आता निवृत्त होऊन ठाणे शहरात, खोपटला असतो. मुलं कामावर जातात, घर शांत होतं. आमच्या सोसायटीच्या हॉलची चावी मी कमिटीकडून रीतसर मागून घेतली आहे. ताक मीच करतो.