कादंबरीतला जावई

माझी चुलतबहीण लग्न होऊन कॅनडाला गेली आणि बऱ्याच वर्षांनी तिने आपल्याच घराच्या तीन पिढ्यांवर कादंबरी लिहिली. पुण्यात छापलेली एक प्रत भवानीनगरला तिच्या वडिलांकडे आली. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालेलं, म्हणून रविवारी मी बारामतीहून जाऊन त्यांना वाचून दाखवू लागले. चुलती आत स्वयंपाकघरात असायची. मधलं दार मात्र उघडं ठेवायची.

पहिल्या दोन भागांवर आबा खूश होते. निरवांगीहून मेंढरं घेऊन कोकणात उतरणारा बाप, मेंढरं सोडून साखर कारखान्यात नोकरीला लागलेला मुलगा, म्हणजे आबाच. "व्हय, आसंच हुतं," म्हणत ते मांडीवर थाप मारायचे.

तिसऱ्या भागात त्या मुलाची मुलगी परदेशी गेली. अशा कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्यात. बर्फ, एकटेपणा, सामानात फुटलेली लोणच्याची बरणी, सगळं ठरलेलं. इथेही ते होतं. पण तिचा नवरा भलताच निघाला. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा आणि दिवसेंदिवस बोलायचा नाही. एकदा ती शेजारणीकडे जरा जास्त बसली, तर त्याने आतून कडी लावून घेतली. दिवेलागणीपर्यंत ती जिन्यात बसून राहिली.

आबांनी हात वर केला. "थांब. हे जावयाचं हाय."

"आबा, कादंबरी आहे ती."

"आत्तापातूर समदं खरं हुतं, आन् हितनं फुडं खोटं?"

मी खूण घालून पुस्तक मिटलं.

मग प्रत्येक व्हिडिओ कॉल म्हणजे तपासणी झाली. जावई दिसला नाही की "तोंड लपवतोय." दिसला आणि हसला की "सोंग करतोय." बहिणीने स्वेटर घातला तरी मला ढोसून विचारायचे, "हात का झाकलेत तिनं?" मी हसण्यावारी न्यायची, पण शंका मलाही चावू लागली. ती 'बरं चाललंय' म्हणाली की तिचा आवाज मी मनात पुन्हापुन्हा ऐकायची. चुलतीला विचारलं तर "मला काय ठावं," एवढंच. पोटच्या पोरीबद्दल ही इतकी निर्धास्त कशी, असंही मनात आलं.

एका रविवारी आबांनी फोनवर सरळच विचारलं, "नवरा तुला घराभाईर काढतो का? खरं सांग. मी बसलोय आजून."

मागे चहा गाळणारा जावई थबकला. बहीण म्हणाली, "न्हाय आबा. ते ह्यांचं न्हाय."

"मग कुणाचं?"

तिने मान खाली घातली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, कॅनडातल्या फ्लॅटला कडी कुठली? कडी होती कारखान्याच्या कॉलनीतल्या आबांच्या जुन्या खोलीला, वरच्या मजल्यावर. आबांकडे बघायचं मी टाळलं.

दारातून चुलती बोलली, "मीच सांगितलं तिला. तिच्या बाळंतपणाला तिकडं गेले हुते तवा. तिनं इचारलं, मी सांगितलं."

आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. जेवायलाही उठले नाहीत.

पुढच्या रविवारी मी पुस्तक उघडलं, तर "नगं," म्हणाले. त्यानंतर मी गेले तेव्हा घरात ते एकटेच होते. चुलती कऱ्हाटीला बहिणीकडे गेली होती. लग्नानंतर आबांनी तिला कधी माहेरच्या माणसांत असं राहायला जाऊ दिलं नव्हतं. या वेळी ते स्वतःच तिला पोचवून आले होते.

"कधी येणार?" मी विचारलं.

"इचारलं न्हाय." मग म्हणाले, "त्या पुस्तकातल्या बाईनं फुडं काय केलं?"

मी शेवटपर्यंत वाचलं होतं. "घर सोडलं, आबा."

ते रस्त्याकडे बघत राहिले. नंतरचे काही दिवस एसटी थांबल्याचा आवाज आला की उठून फाटकापर्यंत जात, असं शेजारणीने सांगितलं.

चुलती आली ती पुढच्या महिन्यात, एकटीच. आबांनी काही विचारलं नाही. तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या मागून घरात गेले.