चौथ्या अल्बमपासून पुढे

आमच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जी मंडळी जमत, त्यांच्यात पन्नाशी ओलांडलेला मी एकटाच. बाकीचे सारे माझ्या मुलीच्या वयाचे. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट एकच होती: जपानमधला चार बायकांचा एक रॉक बँड. हिंजवडीशेजारच्या मारुंजीतल्या आमच्या सोसायटीत या जमण्याविषयी बरेच तर्क होते. फाटकावरच्या वॉचमनला वाटे की मी कसलासा क्लास चालवतो. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले की विचारीत, "आज पण बायका ओरडणार का हो?" मी हसून मान हलवी.

हा बँड आमच्या घरात मुलीने आणला, ती आठवीत असताना. मी घोटावड्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. तिची शाळा माझ्या वाटेवर होती, म्हणून मी तिला गाडीतून सोडत असे. त्या रस्त्यावर ती पहिला अल्बम लावी. गिटार पत्र्यावर खिळा ओढावा तशी वाजे, गाणारी बाई गात नसे, भांडत असे. आणि माझी एरवी अबोल मुलगी गाडीचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी बडवीत, तिला तेव्हा न कळणाऱ्या भाषेत, त्या बाईबरोबर ओरडे. समोर खडीचा डंपर असे, काच धुळीने भरलेली असे, आणि मी कामावर पोचेपर्यंत माझ्या कानांत ते ओरडणे राही. पुढे ती जपानी शिकली, हिंजवडीच्या एका कंपनीत दुभाषी झाली. भाषा तिने त्या बायकांसाठीच शिकली असे माझी पत्नी म्हणते. मला ते खरे वाटते.

रविवारच्या बैठकीचे नियम मुलीनेच घातले होते. अल्बम क्रमानेच ऐकायचे, एका रविवारी एक. मधूनच आवडते गाणे उचलायचे नाही. आल्याबरोबर सगळ्यांचे फोन माझ्या पत्नीच्या पिठाच्या रिकाम्या डब्यात जायचे आणि वर झाकण बसायचे. सुरुवातीला मुलगी गाण्यांचा अर्थ मराठीत सांगे, मग शेवटच्या गाण्यापर्यंत कोणी बोलायचे नाही. नंतर प्रत्येकाने एवढेच सांगायचे की या अल्बममध्ये असे काय ऐकू आले जे आधीच्यात नव्हते. आवडले की नाही, हा प्रश्न शेवटी. सात अल्बम झाले की पुन्हा पहिल्यापासून.

आमच्याच घरी जमण्याचे कारण मात्र मी, म्हणजे माझे स्पीकर. परभणी सोडून इकडे नोकरीला आलो तेव्हा पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून मी ते घेतले होते. कमरेइतके उंच, लाकडी. त्यांच्या जोडीचा अ‍ॅम्प्लिफायर आजही मीच उघडतो, मीच साफ करतो. मुले मला स्पीकरवाले काका म्हणत. अ‍ॅम्प्लिफायरशेजारची खुर्ची माझी असे, आणि बटणांना हात लावण्याचा अधिकारही माझाच. तो मला कोणी दिला नव्हता. कोणी मागितलाही नाही.

पहिले तीन अल्बम लागले की मला काही करावे लागत नसे. ते मुळातच उजळ, टोकदार होते. तिसऱ्यापर्यंत त्या बायका वाजवण्यात तयार झाल्या होत्या, पण धार तीच होती. चौथ्यापासून ते बदलले. मध्ये त्या गायिकेच्या घशाचे दुखणे झाले होते, बराच काळ ती गायलीच नाही, आणि परतली ती खालच्या पट्टीत. गिटार मागे गेली, बास पुढे आला. ड्रम वाजवणारी आता दोन ठोक्यांमध्ये जागा ठेवू लागली. मला हे सारे दबल्यासारखे, मिटल्यासारखे वाटे. मग मी ट्रेबलचे, म्हणजे वरच्या सुरांचे, बटण उजवीकडे नेई, बासचे, म्हणजे खालच्या सुरांचे, उतरवी, आणि आवाज पुन्हा थोडा ओळखीचा होई. मी हे लपून करीत नव्हतो. सगळ्यांसमोर करीत होतो, आणि मुलांना त्याचे कौतुक वाटे. आमच्यात नागपूरचा एक तरुण होता, सॉफ्टवेअरमधला, तो म्हणे, "काकांचे कान म्हणजे मशीन हो."

माझ्या कामाचीही ही सवय असावी. कारखान्यात आमच्या टेबलावर एक मास्टर पीस ठेवलेला असतो. येणारा प्रत्येक नग त्याच्याशी ताडून पाहायचा. जुळला तर पुढे, नाही तर लाल पेटीत. एवढी वर्षे तेच केल्यावर माणूस घरी येऊन दुसरे काय करणार, असे मी स्वतःला सांगून पाहिले आहे. ते पुरेसे उत्तर नाही.

पहिल्या फेरीच्या शेवटी मंडळाचे जवळपास एकमत झाले होते की चौथ्यापासून बँड उतरणीला लागला. आवाज पातळ झाला, जीव गेला, बायका थकल्या. घोटावड्याची एक मुलगी आमच्यात येई, हिंजवडीत एका कार्यालयात हिशेब पाहणारी, अतिशय मोकळी, ती म्हणाली होती, "पहिल्यांदा कशा तुटून पडायच्या! आता नुसत्या किरकिर करत्यात." सगळे हसले होते. एकटी माझी मुलगी दुसऱ्या बाजूला होती. तिचे म्हणणे असे की त्या बायकांना थांबता येऊ लागले आहे, आणि ओरडण्यापेक्षा ते अवघड आहे. ती हे अनेक रविवार सांगत राहिली, आणि मी माझ्या खुर्चीतून सौम्यपणे म्हणत राहिलो, "अगं, पण ऐकू तर यायला हवं ना तसं."

दुसऱ्या फेरीत ती कमी बोलू लागली. सहाव्या अल्बमच्या दिवशी तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "असेल तुमचंच बरोबर. माझा जीव आहे त्यांच्यावर, म्हणून मला ऐकू येत असेल." मला त्या वेळी जरा विजयी वाटले, हे लिहिताना बोट अडखळते.

तोवर तिचे जपानला जायचे ठरले होते. कंपनी काही वर्षांसाठी पाठवीत होती. एकदा चहा गाळता गाळता, माझ्याकडे न पाहता, ती म्हणाली होती, "जायच्या आधी सातवा एकदा नीट ऐका, बाबा. तुम्हाला तो आवडला पाहिजे. बाकीच्यांचं जाऊ दे." मी म्हणालो, "ऐकतो की." तिने गाळणे जरा जोरातच आपटले. एवढेच तिने माझ्याकडे मागितले होते.

सातव्याचा रविवार आला. पाण्याचा टँकर येऊन गेला होता, पायऱ्या ओल्या होत्या, मुले चपला हातात घेऊन वर आली. फोन डब्यात गेले. मुलीने अर्थ सांगितले. शेवटच्या गाण्याविषयी ती म्हणाली की त्यात शब्द फार थोडे आहेत: एक बाई दार उघडे ठेवून निघून जाते आणि खोली तशीच राहते. मी ट्रेबल नेहमीच्या जागी नेले. त्या गाण्यात मध्येच चौघी वाजवायचे थांबतात आणि स्पीकरमधून नुसती गुंऽऽ अशी गुणगुण येते, हे मला पहिल्या फेरीपासून ठाऊक होते. आमच्या इमारतीच्या अर्थिंगचा तो दोष आहे असे मी सर्वांना समजावले होते, आणि त्या जागी मी आवाज अगदी उतरवीत असे.

दुसरे गाणे चालू असताना वीज गेली.

मारुंजीत हे नवीन नाही. आम्ही थोडा वेळ थांबलो. पंखा थांबल्यावर खालच्या रस्त्यावरचे टेम्पो फार जवळून ऐकू येऊ लागले. मग नागपूरच्या तरुणाने पिशवीतून तळहाताएवढा बॅटरीचा स्पीकर काढला. "काका, चालेल का? तुमच्यासमोर हे लावायची लाज वाटून राहिली मला."

"लाव रे," मी म्हणालो. "रविवार फुकट जायला नको."

पत्नी आतून म्हणाली, "परातीत ठेवा त्याला, मोठ्यानं ऐकू येईल." परात आली. तरुणाने डब्यातून आपला फोन काढून जोडला, स्पीकर परातीत बसला. सगळे हसत होते, मुलगीही.

गाणे जिथे तुटले होते तिथून सुरू झाले, आणि हसणे हळूहळू थांबले. बास आला, तो परातीत घुमत, जमिनीतून आल्यासारखा. गायिकेचा आवाज मला ओळखू आला नाही. मी ज्याला किरकिर समजत होतो ती माझ्या बटणाची होती. खाली एक रुंद, खरखरीत, दुखण्यातून उठलेला आवाज होता, आणि तो कोणाशीही भांडत नव्हता. घोटावड्याच्या मुलीने नियम मोडला. ती कुजबुजली, "ती आता वरडत न्हाई. बोलतीया. लई जवळनं बोलतीया." तिला कोणी गप्प केले नाही.

शेवटच्या गाण्यात चौघी थांबल्या, आणि परातीतून गुणगुण आली. घरात वीज नव्हती. अर्थिंगचा प्रश्नच नव्हता. ती त्यांनी वाजवलेली होती. कोणीतरी गिटारवरून हात काढून घेतला होता आणि खोलीचा आवाज तसाच राहू दिला होता. बराच वेळ. मग ड्रमचा एकच ठोका, आणि अल्बम संपला.

नागपूरचा तरुण हळूच म्हणाला, "परातीतसुद्धा हे बरं वाजलं, काका." त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याच्या तोंडून निघून गेले, आणि त्याचे त्यालाच वाईट वाटले असावे, कारण तो लगेच परात उचलून आत ठेवायला गेला.

मी मुलीकडे पाहिले. मला वाटले होते की ती आता सगळ्यांना म्हणेल, पाहा, मी सांगत होते. ती सतरंजीची दशी बोटाला गुंडाळीत होती. म्हणाली, "इथं ऐकून मला वाटायचं, माझे हेडफोनच खोटं बोलतात."

तेवढ्यात वीज आली. पंखा फिरू लागला, अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा लागला, आणि माझा हात, मी न सांगता, बटणाकडे गेला. त्याला सरळ करायला गेला की पुन्हा नेहमीच्या जागी न्यायला, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

"बाबा, राहू दे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला काही बोलता आले असते.

त्या दिवशी कोणाची पाळी झाली नाही. मुलांनी डब्यातून पीठ लागलेले फोन काढले, सदऱ्याला पुसले, आणि चहा न घेताच सगळे निघाले. दारात मी म्हणालो, "चौथ्यापासून पुन्हा ऐकू या." सगळ्यांनी होकार दिला. पण मुलीच्या जाण्याआधी तेवढे रविवार उरले नव्हते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते.

उरलेले दिवस आम्ही दोघे बॅगेच्या वजनाविषयी बोललो, लोणच्याची बरणी गळेल का याविषयी बोललो. तिच्या खोलीच्या दाराशी मी दोनदा जाऊन उभा राहिलो. चल, आपण दोघे सातवा ऐकू, एवढे वाक्य होते. ते मागणे मूळचे तिचे होते, आणि ते आता माझ्या तोंडी शोभेल असे मला वाटले नाही. एकदा तिने विचारले, "काय हवंय बाबा?" मी म्हणालो, "वजनकाटा." मग ती जपानला गेली.

मंडळ आता जवळच्याच नांद्याला भरते, नागपूरच्या तरुणाच्या भाड्याच्या घरी. त्याने फोन केला होता. "काका, येता ना?"

"स्पीकर जड आहेत रे, जिन्यावरून उतरवणं..."

"स्पीकर नका आणू. तुम्ही या."

मी पुढच्या वेळी येतो म्हणालो. त्या रविवारी पत्नी देवळात भजनाला गेली होती. मी फोन काढून पिठाच्या डब्यात ठेवला, दोन्ही बटणे मधल्या खुणेवर आणली, माझ्या खुर्चीत न बसता सतरंजीवर बसलो, आणि चौथा, पाचवा, सहावा, सातवा असे सलग ऐकले. नियम एका रविवारी एकाचा होता. तो मी मोडला. माझे स्पीकर चांगले आहेत. ते नेहमीच चांगले होते. त्या बायका एकेका अल्बममध्ये एकेक गोष्ट खाली ठेवीत गेल्या आहेत, आधी वेग, मग राग, मग दाखवण्याची हौस, आणि शेवटी हातांत जवळपास काहीच नाही, असे मला ऐकू आले. माझी मुलगी हेच सांगत होती. तिच्यातही हे सगळे झाले असणार, माझ्यासमोर, त्याच घरात. मी मात्र दर रविवारी डॅशबोर्ड बडवणाऱ्या मुलीची वाट पाहत बटण पिळत होतो.

डब्यातून फोन काढून मी तिला लिहिले, "सातवा ऐकला."

तिकडे संध्याकाळ झाली असावी. तिचे उत्तर लगेच आले. "बटणं कुठं होती?"

"मधे," मी लिहिले.

निळ्या खुणा उमटल्या. वर 'टायपिंग' असे दिसू लागले, थांबले, पुन्हा दिसले, पुन्हा थांबले. मी फोन हातात धरून बसून राहिलो. पुढे काही आले नाही.

पत्नी देवळातून आली, पिशवी ठेवली, कान देऊन उभी राहिली. "संपलं ना गाणं? मग बंद करा की ते. नुसतं गुंऽऽ गुंऽऽ करायलंय."

"थांब जरा," मी म्हणालो. "अजून गाण्यातलंच आहे."

अल्बम केव्हाच संपला होता. ती गुणगुण माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचीच होती. मी आवाज कमी केला नाही.