स्पंजातला मळ

दुकानात शिरलं की चाचांचा हात आधी बाटलीसाठी पुढे यायचा. 'पहले पानी दिखाव.' माशाची तक्रार नंतर. टाकीतलं पाणी ते उजेडात धरायचे, हुंगायचे आणि मग आपल्याकडे पाहायचे. असे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील, गिऱ्हाइकापेक्षा मालाची बाजू घेणारे.

सिकंदराबादला त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचा निळा बेट्टा मासा माझ्याकडे आला. मी लगेच यादी केली: रोज चार दाणे, रविवारी सगळं पाणी बदलणे, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुणे. एकही रविवार चुकवला नाही. तिसऱ्या महिन्यात मासा पंख मिटून पडून राहायला लागला, खाईना. लेकीशी फोनवर बोलताना मी माशाचा विषयच टाळायला लागले.

चाचांनी बाटली हुंगली, यादी वाचायला लावली आणि स्पंजापाशी मला थांबवलं.

'इत्ता साफ कायकू रखते आपा? उसका हाजमाच धो डाले तुम.'

माशाच्या घाणीचं विष होतं, ते पचवणारे जंतू त्या स्पंजात राहतात आणि नळाच्या क्लोरीनने मी दर रविवारी ते मारत होते, असं त्यांनी समजावलं. मग आपल्या सगळ्यात जुन्या टाकीतले मासे दुसरीकडे हलवले, तिच्या फिल्टरचा काळा, बुळबुळीत स्पंज कात्रीने अर्धा कापला आणि त्याच पाण्यात बुडवून पिशवीत घालून दिला. घरी जाऊन सरळ टाकीत ठेवायचा. पाणी थोडंथोडंच बदलायचं. स्पंज पिळायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात.

'हात में खुजली हुई तो बर्तन मांजो. इसकू नक्को.'

मी यादीतल्या दोन ओळी खोडल्या. रविवारी खरंच भांडी घासली, दोनदा. दहाव्या दिवशी माशाने एक दाणा खाल्ला.

सांगायला गेले तर शटर उतरलेलं. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, गुडघे चालेनात म्हणून चाचा टाक्या वाटून मुलाकडे निजामाबादला गेले. त्याच्याकडून नंबर घेतला.

पुढच्याच आठवड्यात टाकीच्या कोपऱ्यात पांढरा फेस दिसला. काढायला चमचा घेतला, पण आधी फोन लावला.

'निकालो नक्को,' चाचा हसत होते. 'घर बना रा उनो, बच्चों के वास्ते. नर अकेला रहा तो भी बनाता. तबियत ठीक हुई उसकी.'

चमचा ठेवून मी पुण्याला फोन लावला. कित्येक दिवसांनी, सुरुवातच माशापासून केली.