सिद्धोधननं बैठकीत सांगितलं ते

माझा मुलगा सिद्धोधन ताडकळसला मोटारसायकली दुरुस्त करतो. आयटीआय झाल्यावर पुण्याला न जाता त्यानं इथंच गॅरेज टाकलं. पोरगा हसरा, बोलका. गिऱ्हाईक गाडी सोडून गप्पाच मारत बसतं.

गेल्या हिवाळ्यात तो मिटत गेला. अर्ध्या ताटावरून उठायचा, उघडलेल्या इंजिनासमोर पाना धरून नुसता बसून राहायचा. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा शेजारचा दत्ता म्हणत होता, "सिद्ध्या, बायको झोपू देईना वाटतं." सगळे हसले. तोही हसला, आणि ते हसू बघून मला भीती वाटली.

मी त्याला परभणीला मानसोपचारतज्ज्ञाकडं नेलं. नैराश्य आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. झोप लागू लागली, जेवण वाढलं. पुढं तो एकटाच तपासायला जाऊ लागला. मला वाटलं, सुटलो. पण सून सुकेशनीचा चेहरा उतरत चालला होता. एकदा तिनं विचारलं, "आत्या, ह्यांचं दुसरीकडं कुठं हाय का?" मी नाही म्हणाले, पण खरं काय ते मलाही माहीत नव्हतं. पुढं ती चुडाव्याला माहेरी गेली ती आलीच नाही.

परवा बैठक झाली. तिचे वडील पंडितराव दोन नातेवाइकांना घेऊन सोडचिठ्ठीच्या तयारीनंच आले होते. त्यांच्यासोबत आलेली सुकेशनी माझ्याशेजारी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आमच्याकडून माझी थोरली बहीण कुसुमबाई.

"आमच्या लेकीत काय कमी हाय?" पंडितराव म्हणाले. "तुमचा पोरगा तिच्याकडं पाठ करून झोपायलाय. बाहेर कुणी असंल तर सांगा, आमी लेक घेऊन जातो."

"गॅरेजचा लय ताप हाय हो त्याला," कुसुमबाई म्हणाली. "दमून जातंय लेकरू."

"मावशी, थांब." सिद्धोधन खाली बघत होता, पण आवाज ठाम होता. "मामा, दुसरं कुणी न्हाई. मला नैराश्याचा आजार हाय. त्यात माणसाची इच्छाच जाते. गोळ्यांनी मन उठलं, पण काहींना त्या गोळ्यांनी बी शरीर साथ देत न्हाई. दोनदा जमलं न्हाई. मग भीती बसली, म्हणून पाठ करून झोपायलो. बाजारात तंबू टाकून औषधं विकणाऱ्याची ताकदीची बाटली बी आणली होती. डॉक्टरांनी ती फेकायला लावली. म्हणले, मनानं गोळी बंद करू नका, मी बदलून देतो. साखर बी तपासायला सांगितली. अन् बायकोला घेऊन या म्हणले."

"हे काय चारचौघांत सांगायचं असतंय का?" एक नातेवाईक पुटपुटले.

"न सांगता सोडचिठ्ठी घ्यायची का मग?" सिद्धोधन म्हणाला.

सुकेशनी दारातूनच म्हणाली, "मला का न्हाई सांगितलं तुमी?"

"लाज वाटली."

"माझ्यापुढं लाज, अन् ह्या सगळ्यांपुढं न्हाई?"

"तू जायलीस ना."

कुसुमबाईनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत, कळलं नाही. पंडितरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "डॉक्टरची तारीख कधी हाय?"

"मंगळवारी."

त्यांनी लेकीकडं बघितलं. "राहतीस का?"

"माझे कपडे पाठवून द्या, बाबा."

उद्या मंगळवार. मी सोबत येऊ का विचारलं तर सिद्धोधन म्हणाला, "तू घरीच थांब आई, आमी दोघं जातो." काळजी काही जात नाही. नवी गोळी लागू पडेल का, की हा पुन्हा तसाच बसून राहील? गावात तर ही गोष्ट आतापर्यंत फिरलीही असेल. फिरू दे. आमच्या घराण्यात मास्तर झाले, तलाठी झाले, त्यांचे सत्कार मी पुढच्या रांगेत बसून पाहिले. परवा त्या दारात उभं राहून मला जो अभिमान वाटला, तो त्यातल्या एकाही सत्काराला वाटला नव्हता.