सात गोऱ्या सुपाऱ्या

रुखवत नवरीनं स्वतः करायचं असतं, असं म्हणतात. आमच्या भागात ते मी करते. मांडवात माइकवर मात्र "ही सगळी कलाकुसर नवरीच्या हातची" असंच सांगतात, आणि मी टेबलामागे रिकामी खोकी आवरत असते. पूर्वी याचा राग यायचा. आता तो दुसऱ्या एका रागाखाली दबला आहे.

माझं मुख्य काम सप्तपदीच्या सुपाऱ्यांचं. सात जोड्या, प्रत्येक सुपारीला नखाएवढा चेहरा. तो नुसता एका रंगानं भरला तर लाडवाला डोळे काढल्यासारखा दिसतो. कपाळ नि नाक उजळ हवं, गाल आणि हनुवटीखाली गडद, आणि दोन्हींच्या मधे सांधा दिसता कामा नये. त्यासाठी हातात दोन ब्रश धरायचे. एकानं गडद रंगाचा पातळ हात द्यायचा आणि तो ओला आहे तोवर दुसऱ्या, नुसत्या पाण्यानं भिजवलेल्या ब्रशनं त्याची कड उजळाकडे ओढत न्यायची. वाळू द्यायचं. पुन्हा तेच, दहा-बारा वेळा. घाई केली की खालचा थर उखडतो. त्यात लग्नसराई म्हणजे आमच्याकडचं ऊन, रंग ब्रशवरच वाळून जातो. म्हणून मी पहाटे अंगणात बसते, ओला टॉवेल जवळ घेऊन, आणि आठच्या आत उठते.

हे मला जमतं ते एका चिडीतून. सहा वर्षांपूर्वी एक स्थळ पाहायला आलं होतं. मुलाच्या आईनं कपाटातल्या माझ्या बाहुल्या पाहून "हात लय गुणी हाये पोरीचा" म्हटलं. मुलगाही नीट बोलला. मला तो आवडला होता, आता लपवून काय करायचं! चार दिवसांनी नकार आला. आई म्हणाली, "रंगावरून नाई म्हतलं त्याइनं." मी सावळी आहेच. मग बेसन, साय, मुलतानी माती सगळं झालं. उन्हात जाणं सोडलं. मैत्रिणींच्या लग्नात फोटोच्या वेळी मागे सरकायला लागले. पुढची दोन स्थळं तर मीच तोंड फुगवून घालवली. काळं गोऱ्यात विरवायचं कसब मात्र हाताला चांगलं बसलं.

यंदा इंझोरीहून एक बाई आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं, रुखवत हवं होतं. फेट्याचा आणि शेरवानीचा रंग कळावा म्हणून त्यांनी मोबाइलवर नवरदेवाचा फोटो दाखवला. तोच होता. नवरीचा फोटो स्टुडिओतला, दुधात धुतल्यासारखा.

"चेहरा गोरा पायजे बरं का," बाई म्हणाल्या.

नाही म्हणता आलं असतं. पण कोणत्या गोरीसाठी मला नाकारलं ते मला बघायचंच होतं. शिवाय माझी खोड अशी की करीन तर असं करीन, त्याच्या आईला माझं कपाट आठवलं पाहिजे. तेरा दिवस मी त्या सात नवऱ्या रंगवत होते. इतक्या गोऱ्या मी कधी केल्या नव्हत्या, आणि इतक्या सुंदरही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात सुपाऱ्या मांडत होते, तेवढ्यात नवरी पाहायला आली. अंगाला हळदीचा वास, मेकअप अजून व्हायचा होता. ती माझ्याहूनही सावळी होती. वाकून तिनं एकेक सुपारी पाहिली आणि हसली.

"ताई, यातली मी कोन्ती?"

मी हातातली सुपारी जागेवर बसवली. तिचा काय दोष? पोर गोड होती. ती गेल्यावर शेजारी लाडवांची ताटं लावणाऱ्या तिच्या मावशीला मी विचारलं, "मुलाकडच्यांनी रंगाचं काही काढलं नाही?"

"रंगाले कोन पुसते, माय? शेलूबाजारले रोडाले लागून प्लॉट देला आमी. तेच पायजे होतं त्याइले. पयले एक पोरगी पसंत होती म्हनतात. तिच्या बापानं रोडवरची जागा द्याले नाई म्हतलं, मंग सोडली."

आमची रोडवर एकच जागा. तिथं आज माझ्या भावाचं मोबाइलचं दुकान आहे.

माइकवर नवरीच्या हाताचं कौतुक झालं. मुलाच्या आईनं पहिली सुपारी उचलून पाहिली आणि ठेवून दिली. मी समोरच उभी होते. तिला काहीही आठवलं नाही.

घरी आले तेव्हा आई गवारीच्या शेंगा मोडत होती. बाबा आता नाहीत, म्हणून तिलाच जागेचं विचारलं. तिनं नाकारलं नाही.

"जागा तुया भावाची होती. बाबा कसे देतीन?"

"मंग मले रंगाचं काहून सांगतलं?"

"रंग म्हतलं का कोनाचाच दोष राह्यत नाई. खरं सांगतलं असतं तं तू भावाचं तोंड पाह्यलं नसतं."

सहा वर्षं मी माझ्याच कातडीचा दुस्वास केला आणि ही बाई मला रोज बेसन भिजवून देत होती. इतका संताप मला त्या मुलाचाही आला नव्हता. मी दहा-बारा हात देऊन जो सांधा लपवते, तो तिनं एका वाक्यात लपवला होता. मी परात ढकलली. शेंगा सांडल्या. तिनं त्या गोळा केल्या.

संध्याकाळी भाऊ दुकान बंद करून आला. माझं तोंड पाहून त्यानं आईला विचारलं, "इले काय झालं?"

"काई नाई," आई म्हणाली. "दिवसभर मांडवात उन्हात होती. काळवंडली."

आणि मी त्याचं ताट वाढायला उठले.